नायक कोणी निवडायचा?

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि त्याबरोबरच स्काऊट-गाईडची पथके, सेवा दलाच्या शाखा व इतर बालसंघटना यांची वर्षाची आखणी सुरू होते. पालख्या येतील तेव्हा वारकऱ्यांची सेवा, पावसाळ्यात टेकडीवर वृक्षारोपण, दिवाळीच्या सुट्टीत शिबिर, थंडीत एखादा गड आणि अधूनमधून सोपानांच्या चाचण्या. कागदावर हा कार्यक्रम भरगच्च दिसतो. या आखणीत एका प्रश्नाला मात्र सहसा जागा नसते. यंदा मुलांचे नायक कोण होणार, आणि ते कोणी ठरवायचे? ही बाब किरकोळ समजून शिक्षकावर किंवा संघटकावर सोपवून दिली जाते. आमच्या मते बाकीचा सारा कार्यक्रम एकीकडे आणि हा एक प्रश्न एकीकडे, इतके त्याचे महत्त्व आहे.

नारायण पेठ ज्याच्या नावाने वसली त्या नारायणरावाला १७७२ साली, वयाच्या अठराव्या वर्षात, पेशवेपद मिळाले. आणि पुरते वर्षही उलटले नाही तोच, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात त्याचा खून झाला. पद वारशाने आले, ते पेलण्याचे शिक्षण घ्यायला सवड मिळाली नाही. इतिहासाचा हा दाखला फार ताणण्याची आमची इच्छा नाही. पण नेतृत्व शिकावे लागते, आणि ते मोठेपणी अंगावर कोसळण्याआधी लहानपणी थोडेथोडे शिकावे लागते, हे कळायला या पेठेच्या नावाची पाटीही पुरेशी आहे.

आज या पेठेत ‘पथक’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे ढोल-ताशा पथकच येते. गणपतीच्या आधी महिना-दोन महिने मुठेच्या पात्रात संध्याकाळी जो दणदणाट चालतो त्याला विटलेले नागरिक पुष्कळ आहेत, आणि त्यांची तक्रार खोटी नाही. परंतु आजची पिढी एकत्र येत नाही, तिला शिस्त नको असते, असे म्हणणाऱ्यांनी तो सराव एकदा उभे राहून पाहावा. मुलेमुली कॉलेजातून, कामावरून थेट येतात, जड ढोल कमरेला बांधतात आणि एका शिट्टीसरशी थांबतात. तेव्हा प्रश्न शिस्तीचा नाही. ती शिट्टी कोणाच्या हाती आहे आणि ती त्याच्या हाती कोणी दिली, हा प्रश्न आहे. आणि तो ढोल पथकांना जितका लागू आहे तितकाच गणवेशातल्या पथकांनाही आहे.

स्काऊट चळवळीविषयी आपल्या मंडळींच्या मनात एक जुनी अढी आहे. बेडन-पॉवेल हा साम्राज्याचा सेनानी, त्याची कीर्ती बोअर युद्धातली, त्याच्या चळवळीत राजनिष्ठेचा दर्प. ही अढी निष्कारण नव्हे. तथापि १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राऊनसी बेटावर त्याने पहिले शिबिर भरविले तेव्हा जी वीसेक मुले बरोबर नेली त्यांत श्रीमंतांच्या निवासी शाळांतली मुले होती, तशीच कामगार वस्तीतलीही होती. त्यांच्या त्याने चार तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडी तिच्यातल्याच एका मुलाच्या हाती दिली. वर्गभेदाने पोखरलेल्या त्या इंग्लंडात ही लहान गोष्ट नव्हती. सहा-आठ मुलांची तुकडी, तिचा मुलांमधलाच नायक आणि सर्व नायकांची मिळून एक सभा, ही त्या चळवळीची खरी देणगी होय. गाठी, शेकोटी, बिनभांड्याचा स्वयंपाक हे सगळे त्याभोवतीचे.

हिंदुस्थानात मात्र हीच चळवळ आली तेव्हा आरंभी हिंदी मुलांना तिचे दार बंद होते. म्हणून ॲनी बेझंट यांना मद्रासेस वेगळी संघटना काढावी लागली आणि अलाहाबादेस मालवीयजींच्या आश्रयाने सेवा समितीची स्काऊट पथके उभी राहिली. १९२१ साली बेडन-पॉवेल इकडे आल्यानंतर काही जण एकत्र आले, पण ते मन जुळले नाही. १९३७ साली भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्याने काढलेल्या उद्गारांनी देशभर संताप उसळला, आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन वेगळी झाली. या फुटीच्या अग्रभागी पंडित हृदयनाथ कुंझरू होते. ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. म्हणजे नारायण पेठेतून लकडी पूल ओलांडून पलीकडे गेले की ज्या संस्थेचे आवार लागते तिचे प्रमुख. अखेर ७ नोव्हेंबर १९५० रोजी सर्व प्रवाह भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये विलीन झाले. परक्याने आणलेली वस्तू आपण झगडून आपली केली, हा इतिहास शाळांतल्या स्काऊट वर्गांत क्वचितच सांगितला जातो. मुलांना प्रार्थना, नियम आणि वचन पाठ असते. आपल्या संघटनेत आपल्याला प्रवेश नाकारला गेला होता, हे ठाऊक नसते.

दुसरा प्रवाह आपल्या घरचा. ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची स्थापना झाली आणि एस. एम. जोशी त्याचे पहिले दलप्रमुख झाले. रोज संध्याकाळी मैदानावर शाखा, खेळ, लेझीम, समूहगीते, सुट्टीत शिबिरे. बाहेरून पाहणाऱ्यास त्यात आणि अन्य शाखांत फारसा फरक दिसला नसता. फरक आत होता. जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही, मुलगे आणि मुली एकाच शाखेत. त्या काळच्या पुण्याच्या पेठांना हे सहजी पचणारे नव्हते. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राण पणाला लावले तेव्हा त्यांच्या मागे गावोगाव उभे राहायला ही मुले होती. पुढे कलापथक निघाले, आणि नेतृत्वाचा एक वेगळाच झरा फुटला. निळू फुले लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. राम नगरकर केशकर्तनाचा व्यवसाय करीत. त्यांना कोणी घरी येऊन नायक नेमले नव्हते. कलापथकात जो उभा राहील, ज्याचे लोक ऐकतील, तो पुढे, असा तो खुला व्यवहार होता. पु. ल. देशपांड्यांनी याच कलापथकासाठी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य लिहिले. ते नाव आज आपल्या कोणत्याही शाखेच्या दारावर पाटी म्हणून लावता येईल, अशी स्थिती आहे.

ही स्थिती का आली, याचा विचार करताना जरा दूर पाहणे उपयुक्त ठरेल. १९२७ च्या उन्हाळ्यात जर्मनीत कील शहराजवळ झेकँप येथे समाजवादी चळवळीने मुलांचे एक प्रजासत्ताक भरविले. दोन हजारांहून अधिक मुले, बहुतेक कामगारांची, तंबूंच्या गावांत राहिली. प्रत्येक गावाने आपला मुखिया मतदानाने निवडला, मुलांची लोकसभा भरली, भांडणे आणि नियम तिथे ठरले. कुर्ट लोव्हेनस्टाइन या शिक्षणतज्ज्ञाची ही कल्पना. सहा वर्षांनी नाझी सत्तेवर आले, ही चळवळ बेकायदा ठरली आणि त्याच देशात त्याच वयाची मुले हिटलर युवक संघटनेच्या तंबूंत झोपू लागली. तंबू तेच, शेकोटी तीच, बिगूल तेच, पदभ्रमण तेच. इतकेच काय, तरुणांचे नेतृत्व तरुणांनी करावे अशी घोषणाही तिथे होती, आणि तुकड्यांचे नायक खरोखरच कोवळ्या वयाचे असत. फक्त त्यांची नेमणूक वरून होई आणि त्यांचे उत्तरदायित्वही वर असे. खालच्या मुलांना विचारण्याची सोय नव्हती.

गड चढल्याने शरीर कणखर होते, पण नुसता गड चढून कोणी लोकशाहीवादी होत नाही. रांगेत उभे राहणे मुलाला कोणीही शिकवू शकतो, आणि तसे शिकविणाऱ्यांची आज आपल्या देशात वाण नाही. रांगेतल्या मुलाने आपला नायक निवडावा, महिन्याने त्याला प्रश्न विचारावा, सहा महिन्यांनी तो बदलावा, आणि बदललेल्या नायकाने रुसून घरी न बसता पुन्हा रांगेत उभे राहावे, ही शिकवण वेगळी आहे. तिला वेळ लागतो आणि तिची प्रमाणपत्रे छापता येत नाहीत. म्हणूनच ती मागे पडते.

प्रमाणपत्रांचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून टाकू. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार, अशी स्काऊट-गाईडची चढती श्रेणी आहे. मुलाला पुढची पायरी दिसावी, ती आपल्या कष्टाने गाठता यावी, यात गैर काही नाही. परंतु वरच्या पुरस्कारांना दहावीच्या परीक्षेतील सवलतीच्या गुणांची जोड मिळाल्यापासून पालकांचे लक्ष पायरीवरून गुणपत्रिकेकडे गेले. मग नोंदवह्या घरी आई भरते, गाठींचा फलक बाजारातून येतो. जे मूल तुकडीतल्या धाकट्यांना गाठी शिकवीत बसते त्याची स्वतःची वही कोरी राहते. त्याची प्रगती झाली नाही असे म्हणायचे काय?

‘खरी कमाई’चे उदाहरण घ्या. मुलांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे काही काम करावे, मोबदला घ्यावा आणि तो पथकाच्या निधीत घालावा, असा हा सुंदर उपक्रम. नारायण पेठेतल्या उरल्यासुरल्या वाड्यांत एखाद्या आजीबाई मुलांकडून तांब्यापितळेची भांडी उजळून घेतात, दहा रुपये देतात, वर लाडू देतात. मध्यमवर्गीय घरातल्या मुलाचे हात वर्षातून एकदा तरी चिंचेने काळे होतात हे चांगलेच आहे. पण त्याच पथकात असा मुलगा असतो ज्याची आई चार घरची धुणीभांडी करते आणि जो स्वतः पहाटे वर्तमानपत्रे टाकून शाळेला येतो. त्याच्या कमाईची नोंद कोणत्याही कार्डावर होत नाही, कारण ती आठवडाभराच्या उपक्रमात बसत नाही, ती बारमाही आहे. ज्याला श्रमाचे मोल सर्वांत जास्त कळते त्याने ते शिकल्याचा शिक्का मात्र दुसऱ्याच्या वहीवर पडतो! पथकांनी या मुलाची पहाटेची फेरी प्रगतीत धरावी, इतकी साधी सुधारणा करायला कोणत्याही आयोगाची गरज नाही.

सहलींचेही तसेच झाले आहे. पूर्वी सहल म्हणजे पर्वती, वेताळ टेकडी, फार तर सिंहगड. डबा घरचा, पाय स्वतःचे, बस सरकारी. आता शहराबाहेरच्या पर्यटन केंद्रांत मुलांना नेतात. तिथे दोरीवरून घसरायचे, तयार जेवण जेवायचे, छायाचित्रे काढून घ्यायची आणि परत यायचे. खर्च डोईजड होतो. ज्याला परवडत नाही तो मुलगा त्या दिवशी आजारी पडतो. शिक्षकांना हा आजार ठाऊक असतो.

आमच्या परिचयाच्या एका पथकात दोन वर्षांपूर्वी असाच प्रसंग आला. तीस मुलांत सात जण सहलीस येणार नव्हते. तिथल्या शिक्षिकाबाईंनी पैसे गोळा करून त्या सात जणांना नेण्याचे ठरविले होते, आणि ते त्यांच्या चांगुलपणाला शोभणारेच होते. पण त्यांनी आधी विषय नायकांच्या सभेपुढे ठेवला. पाच नायक, वये बारा ते चौदा. अर्धा तास वाद झाला. एका मुलीचे म्हणणे असे की दुसऱ्याच्या पैशाने यायला आपल्याला आवडले नसते. शेवटी केंद्राची सहल रद्द करून सर्वांनी सिंहगड पायी चढायचा आणि वर पिठले स्वतः शिजवायचे, असे ठरले. बसखर्च तुकड्यांनी आपापल्या निधीतून दिला. पिठले करपले, दोन मुले वाट चुकली, परतीला रात्र झाली आणि काही पालकांनी बाईंना चार शब्द सुनावले. सात जणांपैकी सातही आले होते. पुढच्या निवडणुकीत ती मुलगी पडली, कारण तिच्या तुकडीला दुसरा मुलगा अधिक प्रेमळ वाटला. आणि तिने वर्षभर त्याच्या हाताखाली काम केले. ही हकिकत आम्हाला कोणत्याही पुरस्कार समारंभाहून मोलाची वाटते.

खरे पाहता ही रीत मुलांना आपण शिकवावी लागते असेही नाही. दिवाळीत या पेठेत वाड्यावाड्यांतून, सोसायट्यांच्या कोपऱ्यांतून मुले किल्ला करतात. दगड कुठून आणायचे, माती कोणी कालवायची, बुरूज कुठे, अळीव कधी पेरायचे, मावळे कोणाचे, हे सारे तीच ठरवतात. तिथे मास्तर नसतो, गणवेश नसतो. नायक मात्र असतो, आणि तो फार दांडगाई करू लागला की दोन मुले फुटून पलीकडे स्वतःचा किल्ला घालतात. वडील माणसांनी त्यात हात घातला, स्पर्धा आणि परीक्षक आले, की मुले हळूहळू बाजूला होतात आणि बाप बुरूज बांधत बसतो. आपल्या शाखांचे याहून निराळे काय झाले?

इथे आपल्या कार्यकर्त्यांनी आरशात पाहणे भाग आहे. नायक वरून नेमण्याचा दोष आम्ही इतरांच्या पदरी घातला. पण आपल्या शिबिरांत काय चालते? उद्‌घाटनाला चार पाहुणे, प्रत्येकाचे अर्ध्या तासाचे भाषण, समोर उन्हात बसलेली मुले. विषय उदात्त: लोकशाही, समता, विज्ञाननिष्ठा. त्या तीन दिवसांत मुलांना एकही गोष्ट स्वतः ठरवू दिलेली नसते, जेवणाची वेळसुद्धा नाही. लोकशाहीवर व्याख्यान ऐकून लोकशाही येत असती तर आपला पक्ष आजवर अनेकदा फुटलाच नसता. शाखानायक म्हणून उभे केलेले मूल पंचवीस-तीस वर्षांचे होईपर्यंत शाखानायकच राहते, कारण त्याची जागा घ्यायला आपण कोणी तयार केलेले नसते. आणि मग ते कंटाळून निघून गेले की नवी पिढी येत नाही म्हणून आपण लेख लिहितो. हा लेखही त्यातलाच, असे कोणी म्हणाले तर आम्ही रागावणार नाही.

मुलांना आठवीनंतर वेळ नसतो, शिकवणी वर्ग त्यांना संध्याकाळी सोडत नाहीत, ही अडचण खरी आहे. शिवाय पेठेतल्या जुन्या कुटुंबांची मुले उपनगरांत गेली, वाडे पडून इमारती झाल्या. तथापि नारायण पेठ आणि शेजारच्या सदाशिव व नवी पेठा तरुणांवाचून ओस पडल्या आहेत काय? उलट स्पर्धा परीक्षांसाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली मुलेमुली इथल्या अभ्यासिकांत दिवसाचे बारा तास बसलेली असतात, एका खोलीत चार-चार कॉट टाकून राहतात, खानावळीचा डबा दोघांत खातात. २०२३ च्या फेब्रुवारीत परीक्षेच्या नव्या पद्धतीविरुद्ध ती पुण्यात रस्त्यावर बसली तेव्हा त्यांच्यात संघटन करण्याची ताकद आहे हे साऱ्या राज्याने पाहिले. त्यांच्यापैकी फार थोड्यांना सरकारी पद मिळणार, हे त्यांनाही ठाऊक आहे. त्यांच्याकडे रिकामा वेळ आहे असे आम्ही म्हणत नाही. पण आठवड्यातून एक संध्याकाळ, एका मैदानावर, दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर खेळायला त्यांतले काही जण आनंदाने येतील, असा आमचा अनुभव आहे. पुष्कळांना धाकटी भावंडे गावी आहेत आणि त्यांची आठवण येते. पेठेतल्या मुलांनाही कळेल की महाराष्ट्र लकडी पुलापाशी संपत नाही.

पेठेतल्या कार्यकर्त्यांपुढे आम्ही असा प्रस्ताव ठेवतो. वस्तीतल्या व वाड्यातल्या मुलांची मिळून एक शाखा जुलैअखेर सुरू करावी. वर्गणी नसावी, आणि पहिले सहा महिने गणवेशही नसावा. सहा-सात मुलांच्या तुकड्या कराव्यात. नायक मुलांनी गुप्त मतदानाने निवडावा, आणि गणपतीनंतर व पुन्हा संक्रांतीनंतर ही निवडणूक व्हावी. कोणालाही सलग दोनदा नायक होता येऊ नये. सहलीचे ठिकाण आणि खर्च नायकांच्या सभेने ठरवावा. त्या सभेला मोठ्यांपैकी दोघांना बसता यावे, पण विचारल्याशिवाय बोलता येऊ नये. मुले चुकीचे ठिकाण ठरवतील, पिठले करपेल, पालक रागावतील. ते ऐकून घ्यायला आपण आहोत. पहिल्या सभेसाठी जागा आणि सतरंजी एवढी सोय कार्यकर्त्यांनी करावी, आणि स्वतः दाराजवळ बसावे.